खाज नव्हे, कंडू

अनुस्वाररावांना खाज सुटली होती, हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. खाज कुत्र्यामांजरांना सुटते आणि भांडखोर शेजाऱ्यांच्या अंगात मुळातच असते, असं त्यांचं मत होतं. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासलेल्या माणसाला जे होतं त्याला 'कंडू' म्हणतात. शब्द जड असला की खाजवण्यालाही थोडी प्रतिष्ठा येते, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्ष खाजवताना मात्र ते इतर चारचौघांसारखेच दिसत. डोळे अर्धवट मिटलेले, जीभ दाताखाली, आणि बायको बघत नाहीये ना याकडे अर्धं लक्ष.

अनुस्वारराव हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. छापखान्यातल्या मंडळींनी ते आधी पाठीमागे ठेवलं आणि मग धीर चेपल्यावर तोंडावर वापरायला घेतलं. दुकानाच्या पाटीवर, बसच्या तिकिटावर, औषधाच्या खोक्यावर, कुठेही एखादा अनुस्वार गळालेला दिसला की या गृहस्थांचा हात खिशाकडे जायचा. खिशात लाल पेन कायम असायचं. एकदा तर एका वकिलाने पाठवलेल्या नोटिशीला त्यांनी उत्तर दिलंच नाही, नुसती दुरुस्त करून परत पाठवली. पुढे ते प्रकरण बरंच वाढलं, पण त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

तर हा कंडू त्यांना बरीच वर्षं अधूनमधून होता. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, मानेवर. यायचा, छळायचा, जायचा. या वर्षी मात्र तो मुक्कामालाच आला. तरीही अनुस्वाररावांनी तो सोसला असता, कारण सोसण्यात आपण किती मोठे आहोत हे घरातल्यांना दिवसभर सांगता येतं. पण लेकीला मुलगी झाली आणि सगळंच बिनसलं.

नातीला पहिल्यांदा बघायला ते लेकीच्या घरी गेले. मोरीत हात धुतले, स्वच्छ धुवावेत म्हणून बाह्या चांगल्या वर सारल्या, आणि तसेच ओले हात पुढे करून पाळण्यापाशी आले. तिथे विहीणबाई उभ्या होत्या. या बाईंची नजर अशी की चहाच्या कपाला गेलेला तडा त्यांना खालच्या बशीवरून कळतो. त्यांनी कोपराकडे पाहिलं.

"थांबा व्याही. हे काय आहे?"

"विशेष काही नाही. जरासा कंडू."

"कंडूबिंडू असेल. पण लागतो का तो?"

आता 'लागतो' म्हणजे 'संसर्गजन्य आहे का' हे अनुस्वाररावांना कळत होतं, पण उत्तर ठाऊक नव्हतं. त्यांनी बाह्या खाली ओढल्या.

"तुम्हालाच माहीत नाही ना? मग आधी विचारून या. लहान जीव आहे," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी एक खुर्ची मांडली. ती दाराशी, चपलांच्या शेजारी. तिथून अनुस्वाररावांना नातीची फक्त एक मूठ दिसत होती. तेवढ्यात गीझर दुरुस्त करणारा माणूस आला. काम संपल्यावर त्याने पाळण्यात वाकून पोरीचा गाल कुरवाळला, आणि विहीणबाई कौतुकाने हसल्या. अनुस्वाररावांना फार वाईट वाटलं. घरी परतताना बसमध्ये त्यांनी लाल पेन काढलंच नाही, तिकिटावर दोन चुका असूनसुद्धा.

मग सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावर एक निवृत्त कॅशियर राहत. त्यांना जगातले सगळे आजार पोटातून होतात असं वाटायचं आणि हे मत त्यांनी स्वतःच्या पोटाकडे बघून बनवलेलं होतं. ते म्हणाले, चहा सोडा. अनुस्वाररावांनी चहा सोडला. कंडू होता तसाच राहिला, वर डोकं दुखायला लागलं. समोरच्या बाई म्हणाल्या, साबण बदला. साबण बदलला, तर मानेवर नवा लाल पट्टा उठला. औषधाच्या दुकानदाराने काउंटरच्या पलीकडून, चष्मा न लावता, गजकर्ण असल्याचं निदान केलं आणि एक मलम दिलं. त्याने आधी छान बरं वाटलं आणि मग दुप्पट वाईट वाटलं.

सगळ्यात कहर मेव्हण्याने केला. हा बायकोचा धाकटा भाऊ दवाखान्यांना झेरॉक्सची यंत्रं विकायचा आणि त्या यंत्रातून जे जे कागद बाहेर येतात त्या सगळ्यांचं ज्ञान आपल्याला आहे असं मानायचा. तो आला, त्याने लांबूनच पाहिलं आणि "खरूज!" असं दार उघडं असताना म्हणाला. झालं. संध्याकाळपर्यंत जिन्यातल्या लोकांनी कठडा धरणं सोडलं. बायकोने चादरी उकळायला टाकल्या. कॅशियरसाहेब तर लिफ्टचं बटण किल्लीच्या टोकाने दाबू लागले, आणि वर "गैरसमज नको हं" असंही म्हणू लागले. ज्याला गैरसमज नको असतो तो माणूस किल्ली खिशात ठेवतो, एवढं साधं त्यांच्या डोक्यात येत नव्हतं.

अखेर अनुस्वारराव त्वचेच्या नामांकित डॉक्टरांकडे गेले. तिथे दोन तास बसल्यावर आत अर्धं मिनिट मिळालं. डॉक्टरांनी कोपर पाहिलं, मलम लिहिलं, घंटी वाजवली.

"पण याचं नाव काय?" अनुस्वाररावांनी विचारलं.

"त्वचेचं आहे."

"ते मलाही दिसतंय. पण आजाराला काही नाव असेल ना?"

"नाव घेऊन काय करणार? मलम घ्या," डॉक्टर म्हणाले, आणि पुढचा पेशंट आत येऊन बसलासुद्धा.

आता नावाशिवाय विहीणबाईंपुढे जाणार कसं? 'त्वचेचं आहे' असं सांगायला जाणं म्हणजे पुन्हा चपलांशेजारी बसणं. अनुस्वाररावांचा सगळा जीव त्या नावात अडकला. आणि नाव मिळवण्याची वाट नेमकी मेव्हण्यानेच दाखवली. खरूज आपण म्हणालोच नव्हतो अशा थाटात तो म्हणाला, "मोठ्या इस्पितळात एक्झिमावर संशोधन चालू आहे. त्यांना माणसं मिळत नाहीयेत. तिथे गेलात तर अगदी शास्त्रशुद्ध तपासतील."

'शास्त्रशुद्ध' म्हणताच अनुस्वारराव उठून बसले. शुद्ध म्हटलं की त्यांचा कुठल्याही गोष्टीवर विश्वास बसायचा.

संशोधन विभाग इस्पितळाच्या मागच्या बाजूला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून होता. दारावर 'संशोधन विभाग' ऐवजी 'सशोधन विभाग' लिहिलेलं होतं. आत जाण्याआधी अनुस्वाररावांनी लाल पेनाने तो अनुस्वार दिला. त्यांच्या दृष्टीने भेटीची सुरुवात उत्तम झाली होती. आत एक तरुण डॉक्टरीण बसली होती. समोर छापील प्रश्नावली, हातात बॉलपेन, आणि चेहऱ्यावर सकाळपासून तेच तेच विचारल्याचा कंटाळा.

"काका, बसा. गेल्या वर्षभरात तुमच्या अंगाला खाज सुटली होती का?"

"छे छे! मुळीच नाही," अनुस्वारराव म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी 'नाही' वर खूण केली आणि फाइल मिटली. "धन्यवाद काका. तुम्ही या अभ्यासात बसत नाही."

"अहो, म्हणजे काय? माझं कोपर तरी बघा!"

"खाज नाही म्हणालात ना?"

"खाज नाहीच. मला कंडू आहे."

"गंड?" डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "न्यूनगंड वगैरे का? मानसिक त्रासाचे प्रश्न शेवटच्या पानावर आहेत, पण ते निवड झाल्यावर विचारतात."

"कं-डू! क वर अनुस्वार, ड ला दीर्घ ऊकार! खाजेलाच म्हणतात सभ्य भाषेत!"

"मग मघाशी नाही का म्हणालात?"

या प्रश्नाला अनुस्वाररावांकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्या बायकोखेरीज कुणालाही पटलं नसतं आणि बायकोलाही ते पटत नव्हतंच. त्यांनी उलट त्या प्रश्नावलीकडे बोट दाखवलं. "इथे 'कंडू' छापा. आणि हे खाली 'गवती ताप' काय लिहिलंय? गवताला ताप येतो का?" असं म्हणून त्यांनी लाल पेन काढलं. डॉक्टरीणबाईंनी झडप घालून कागद ओढून घेतला.

"काका, याच्यातला एक शब्दसुद्धा बदलता येत नाही! शेकडो लोकांना विचारून पारखलेले शब्द आहेत हे. मी समजावून सांगायचं नाही, सुचवायचं नाही, जसं लिहिलंय तसं वाचायचं." आणि मग, सकाळपासून कुणी भांडलं नसल्यामुळे असेल, त्या जरा मोकळ्या झाल्या. "हे बघा. बाहेर दवाखान्यात एक डॉक्टर म्हणतो एक्झिमा, दुसरा म्हणतो ॲलर्जी, तिसरा नावच घेत नाही. रक्त तपासून हा आजार कळत नाही. मग संशोधन करायचं कुणावर? म्हणून नियम ठरवलेत. वर्षभरात खाज ही हवीच. ती नसेल तर पुढचं काही विचारायचंच नाही. ती असेल तर पाचपैकी तीन गोष्टी जुळायला हव्यात. कोपर, गुडघे, मान अशा घड्यांमध्ये त्रास झालेला असणं. वर्षभरात अंग कोरडं पडणं. दमा किंवा तो गवती ताप, म्हणजे शिंकांचा त्रास. आज समोर घड्यांमध्ये चट्टे दिसणं. आणि दोन वर्षांचे व्हायच्या आत हे सुरू झालेलं असणं. जगात कुठेही गेलात तरी हीच मोजणी."

"म्हणजे सगळं आहे माझ्याकडे!"

"असेल. पण पहिलं उत्तर नोंदवलं गेलंय. पुन्हा तपासणीला काही आठवड्यांनी या. तोवर कोपरागुडघ्यांना कुठलंही मलम लावायचं नाही. नाहीतर खरं काय ते दिसत नाही."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात. एकदा नुसतं 'हो' म्हणता आलं नाही? तोंड झिजलं असतं?"

नंतरचे आठवडे कसे गेले ते विचारू नये. मलम बंद. छापखान्यात अनुस्वारराव खाजवायला लाकडी पट्टी वापरू लागले, आणि इतिहासाच्या पुस्तकात एक राजा दोनदा मेलेला तसाच छापला गेला. तीन गोष्टी पुरणार असल्या तरी अनुस्वाररावांना एकही रकाना मोकळा सोडायचा नव्हता, आणि त्यात ती दोन वर्षांच्या आतली गोष्ट अडली. ते लहानपण पाहिलेली एकच व्यक्ती हयात होती, ती म्हणजे आत्या. आत्याकडे जायचं तर आधी तिच्या गुडघ्यांची साद्यंत हकिकत ऐकावी लागते. ती ऐकून झाल्यावर अनुस्वाररावांनी विषय काढला.

"आत्या, मी तान्हा असताना मला अंगावर काही उठायचं का गं?"

आत्या ताठ बसली. "कोण म्हणतं? तुझी बायको?"

"तसं नाही गं. डॉक्टरांना हवंय."

"सांग त्यांना, आमच्या घरात असलं काही नाही म्हणून. लोण्याचा गोळा होतास नुसता. लोक वळून बघायचे."

"आठव ना जरा नीट."

"आठवायचं काय त्यात? मीच सांभाळलंय तुला. रोज हातांना मोजे बांधून ठेवायचे मी."

"मोजे? हातांना? ते कशाला?"

"गाल ओरबाडायचास म्हणून."

"आणि गाल का ओरबाडायचो?"

"मुलं ओरबाडतातच!" आत्या कडाडली. "रक्त यायचं, उशी खराब व्हायची, म्हणून मोजे. कोपराच्या घडीत तर कायम ओलंच असायचं तुझ्या. पण रोगबीग काही नव्हता हो आमच्याकडे. तुझ्या आजोबांचं पण तसंच होतं सगळं, पण ते कसे टकाटक राहायचे!"

अनुस्वाररावांना आत्याच्या पाया पडावंसं वाटलं. अर्थात त्यांनी आधी तिच्या 'टकाटक' या शब्दाला नाक मुरडलं, मगच ते निघाले.

दुसऱ्या तपासणीला बायको बरोबर आली, कारण नवऱ्याला एकट्याला 'हो' म्हणायला पाठवण्यात अर्थ नाही हे तिला कळून चुकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी अगदी त्याच सुरात, जणू आयुष्यात पहिल्यांदाच, प्रश्न वाचला. "गेल्या वर्षभरात तुमच्या अंगाला खाज सुटली होती का?"

अनुस्वाररावांनी डोळे मिटले. "हो," ते म्हणाले. आणि एकदा तोंड उघडल्यावर इतक्या वर्षांचं तुंबलेलं बाहेर आलं. "हो! खाज आहे! भयंकर खाज आहे मला! सकाळी खाज, दुपारी खाज, सभेत बसलो तरी खाज!" बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी आपापल्या पिशव्या जवळ ओढून घेतल्या.

घड्यांमधला जुना त्रास जुळला. कोरडं अंग जुळलं. मोज्यांची हकिकत सांगताच डॉक्टरीणबाई प्रसन्न हसल्या. तीन झाल्या. मग अंगावरचा आजार किती जोरात आहे ते ठरवायला दोन डॉक्टर आले, एक उंच आणि एक बुटके. दोघांनी वेगवेगळं तपासायचं आणि एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम होता. त्या दोघांकडे बघून वाटलं की हा नियम ते एरवीही पाळत असावेत. एकाने कोपराची लाली पाहून एक आकडा लिहिला, दुसऱ्याने दुसराच. एकाला कातडी जाड वाटली, दुसऱ्याला वयोमानाप्रमाणे. अनुस्वारराव हात पसरून, पँट गुडघ्यांवर गुंडाळून मधे उभे होते, आणि ज्याचा आजार त्याला मत विचारायची पद्धत नव्हती. मग उंच डॉक्टर गुडघ्यांमागे वाकले आणि थबकले.

"इथे तर एकदम छान आहे. मलम लावलंय का?"

"शपथेवर सांगतो, बोटसुद्धा लावलेलं नाही!"

कोपऱ्यातून बायको हळूच म्हणाली, "मी लावत होते."

"काय?"

"दुपारी पालथे झोपता ना तुम्ही. झोपेत पाय एकमेकांवर घासता, त्याचा खरखर आवाज यायचा. मला ऐकवत नव्हतं. हाताला लावलं असतं तर जागे झाला असतात, म्हणून पायांनाच लावायचे." आणि तिने पदराने डोळे टिपले. यावर रागवावं की काय करावं हे अनुस्वाररावांना कळेना. लग्नानंतर इतकी मायेची गोष्ट तिने कधी बोलून दाखवली नव्हती, आणि बोलली तीही चुकीच्या वेळी.

दोन्ही डॉक्टरांनी आपापले आकडे दिले, डॉक्टरीणबाईंनी बेरीज केली. "काका, नियमांप्रमाणे तुम्हाला एक्झिमा आहे, यात शंकाच नाही. पण अभ्यासाला पुरेल इतका तो जोरात नाही. शिवाय मलम लागलंय. त्यामुळे तुम्हाला घेता येणार नाही."

म्हणजे खाजवण्यातही ते नापास झाले. पण अनुस्वाररावांचा चेहरा उजळला होता. "नाव मिळालं ना? मग हे लिहून द्या."

"लिहून फक्त अभ्यासात घेतलेल्यांना देतो."

"मग फोनवर सांगा!" असं म्हणून त्यांनी लेकीच्या घरचा नंबर लावून फोन डॉक्टरीणबाईंच्या हातात कोंबला. फोन अर्थातच विहीणबाईंनी उचलला. डॉक्टरीणबाईंनी सावकाश, समजावून सांगितलं. एक्झिमा आहे, कुणाला लागत नाही, एका ताटात जेवलं तरी लागत नाही. पलीकडून काहीतरी प्रश्न आला. "हो, घराण्यात चालत येतो बऱ्याचदा," त्या म्हणाल्या. "लहान बाळांना गालांवर आधी दिसतो." मग पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

नवराबायको तडक लेकीच्या घरी पोचले. विहीणबाई दारातच उभ्या होत्या, कडेवर नात. नातीच्या दोन्ही गालांवर लाल, खरखरीत चट्टे होते आणि ती विहीणबाईंच्या खांद्यावर गाल घासत कुरकुरत होती.

"पंधरा दिवस मी साबण बदलतेय, पावडर बदलतेय, मालिशवाल्या बाईला बोलतेय," विहीणबाई म्हणाल्या. "आणि हे तुमच्याकडून आलंय होय! लागत नाही म्हणे. लागायची गरजच काय, रक्तातूनच पाठवलंत. आमच्या सात पिढ्यांत कुणाला साधी पुळी नाही!"

अनुस्वाररावांची मान खाली गेली. विहीणबाईंचं वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. लेक आतून सासूला म्हणाली, "आई, राहू दे ना."

"राहू दे काय? घ्या आता!" विहीणबाईंनी पोरीला पुढे केलं. "घ्या! आता लांब ठेवून काय उपयोग? राहिलंय काय द्यायचं?"

नात अनुस्वाररावांच्या हातात आली. ती त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच जड होती. तिने आपला तापलेला गाल त्यांच्या सदऱ्यावर घासला, एकदा, दोनदा, मग डोळे अर्धवट मिटून, जीभ बाहेर काढून पुन्हा घासला. जन्मल्यापासून तिचं नाक लेकीच्या सासरचं, हनुवटी सासरची, कपाळ तर थेट विहीणबाईंचं, अशी सगळी वाटणी होऊन गेली होती. अनुस्वाररावांच्या वाट्याला काही उरलेलंच नव्हतं.

त्यांनी बोटाच्या मागच्या बाजूने तिचा गाल हलकेच खाजवला. ती कुरकुरायची थांबली.

"आमच्यावर गेलीये," अनुस्वारराव सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले.